गाठ सोडायची राहिली

"गाठ मारी. आते तू जाय."

सकाळी साडेसातला मी दोन्ही पोरींना अक्कांच्या दारात उभं करायचो, आणि अक्का पहिल्यांदा पदर पुढे ओढायच्या. पदराच्या टोकाला एक मोठी गाठ, ती थोरलीची. तिच्या शेजारी एक बारकी, ती धाकटीची. मग दोघींच्या डोक्यावर हात ठेवून "एक, दोन" म्हणायच्या आणि मला जायला सांगायच्या. संध्याकाळी मी परत आलो की तसाच पदर ओढायच्या, दातांनी गाठ सैल करायच्या आणि सोडून म्हणायच्या, "ले, सोडी गाठ. मोजी ले."

मी मोजायचो नाही. दोन पोरी, त्या काय मोजायच्या? अक्का मात्र हटून बसायच्या. मी डोक्यावर हात ठेवून मोजल्याशिवाय पोरींना चपला घालू द्यायच्या नाहीत.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेलच. आडनाव कोणाला धड माहीत नसतं, पण किल्ली तिच्याकडे, विरजण तिच्याकडे, आणि पोरंही तिच्याकडे. आम्ही धुळ्यात देवपूरला राहतो. बायको जळगावला एका दवाखान्यात नर्स आहे, बदली झाल्यापासून तिथेच आईकडे राहते आणि रविवारी येते. मी रोज नरडाण्याला कारखान्यात जातो. शाळा चालू असली की कसंबसं निभतं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की पंचाईत. थोरली तेव्हा नऊ वर्षांची, धाकटी पाच. त्यांना दिवसभर ठेवायचं कुठे? पहिल्याच सुट्टीत अक्का आपणहून म्हणाल्या, "मन्हाकडे टाक. त्या काय माले जड शेतस?"

अक्कांकडे पोरींचे लाड नव्हते, काम होतं. सकाळी गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या आणि कुरडया वाळत घालायच्या आणि काठी घेऊन कावळे हाकलायचे. त्या कामाची मजुरी म्हणजे कुरडयांचा गरम चीक, वर दूध-साखर. धाकटीने एकदा इतका चीक खाल्ला की रात्री मला ओवा शोधावा लागला. दुसऱ्या दिवशी मी जरा आवाज चढवून तक्रार केली, तर अक्का म्हणाल्या, "खाई नही तं कावळा कशी हाकलई?" कप्पाळ माझं!

पण एक नियम कडक होता. बारा ते चार या वेळेत गाठ सुटणार नाही. खानदेशातलं वैशाखाचं ऊन काय असतं हे ज्याने भोगलंय त्याला सांगायला नको. त्या वेळात अक्का दार उघडं ठेवून उंबरठ्याला लागून चटई टाकायच्या आणि दारात आडव्या निजायच्या. बाहेर जायचं तर अक्कांना ओलांडावं लागणार, आणि झोपलेल्या माणसाला ओलांडू नये हे पोरींनाही माहीत होतं. एकदा मी दुपारी लवकर सुटून पोरींना न्यायला आलो, तर अक्कांनी मलाच पाण्याचा तांब्या दिला आणि भिंतीला टेकून बसवलं. चार वाजल्यावर गाठ सोडली. मी तणतणत घरी गेलो. बाप मी, आणि परवानगी हिची!

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते माझ्यामुळे झालं.

दोन वर्षांपूर्वीची आखाजी. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी बायकोचा फोन आला. तिला रजा मिळाली नव्हती. "गावाच्या लेकी घरी आल्या," ती म्हणाली, "माझ्या लेकी मला दिसत नाहीत. तुला दोन पोरी बसमध्ये घालून आणायला जमत नसेल तर तसं सांग."

"जमत नसेल" हा शब्द माझ्या डोक्यात गेला. मी मूळचाच तापट. कारखान्यात अर्धी रजा टाकली आणि एक वाजता अक्कांच्या दारात पोचलो.

अक्का दारात आडव्या, घोरत होत्या. एक हात उशाला, दुसऱ्या मुठीत पदर. आत पोरी सागरगोटे खेळत होत्या. मला पाहून धाकटी ओरडणार तोच मी तोंडावर बोट ठेवलं.

उठवलं असतं तर अक्का म्हणाल्या असत्या, चारला ये. चारला निघायचं म्हणजे जळगावला पोचेपर्यंत दिवेलागण, आणि मला तर बायकोला तीन-साडेतीनलाच दाखवून द्यायचं होतं. शिवाय खरं सांगू? मला अक्कांची भीती वाटायची. बसमधून फोन करू, असं मी मनाशी म्हटलं. हळूच ओलांडून आत गेलो, थोरलीला उचललं, अक्कांवरून दाराबाहेर ठेवलं. मग धाकटीला. आतून दोन जोडी चपला हातात घेतल्या आणि मीही ओलांडून आलो. अक्का हलल्यासुद्धा नाहीत.

स्टँडवर बस लागलेलीच होती. चढलो, जागा मिळाली, खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता. फोन करू, फोन करू म्हणत मला डुलकी लागली. जाग आली ती पारोळ्याच्या स्टँडवर, थोरलीने दंडाला हलवल्यामुळे.

"बाबा, अक्कांनी गाठ सोडली का?"

मी घड्याळ पाहिलं. तीनला पाच कमी. फोन काढला. अक्कांच्या फोनवर रिंग जात राहिली, जात राहिली, कोणी उचलेना. मग कोपऱ्यावरच्या किराणावाल्या शेठजींना लावला. मारवाडी माणूस, तीन पिढ्या देवपुरात, गल्लीची खडान्खडा खबर त्यांना.

"पोरी सापडल्या का हो?" शेठजींनीच आधी विचारलं.

"माझ्याजवळ आहेत."

शेठजी म्हणाले, "अहो, काय माणूस आहात तुम्ही! अक्का तास-दीड तास झाला उन्हात हिंडतायत. अनवाणी. घराघरात विचारून आल्या, शाळेचं पटांगण पाहून आल्या."

"सांगा ना त्यांना, पोरी बापाजवळ आहेत म्हणून!"

"सांगू कुठे? त्या आहेत कुठे आता? मी गल्लीतली माणसं पाठवतो."

आम्ही तिथेच उतरलो. परतीची बस मिळायला वीस मिनिटं लागली, आणि ती वीस मिनिटं मी स्टँडवर कसा फिरलो ते पारोळ्याच्या रसवंतीवाल्याला विचारा. धाकटी रस मागत होती. मी तिच्यावर खेकसलो. सत्तरीची बाई, चव्वेचाळीस-पंचेचाळीसचं ऊन, आणि पायात काही नाही. अक्कांना काही झालं तर या पोरींना मी काय सांगणार, हेच डोक्यात घण घालत होतं.

वाटेत दोनदा शेठजींना विचारलं, अक्का अजून सापडल्या नव्हत्या. धुळ्याला उतरून रिक्षा केली. पांझरेच्या पुलावर थोरली एकदम ओरडली, "बाबा, खाली बघा!"

नदीला पाणी नव्हतंच. वाळू, दगड आणि पुलापासून थोडं दूर एक हिरवं डबकं. धाकटीला त्या डबक्यातले मासे बघायचा नाद होता आणि अक्कांना तो माहीत होता. अक्का त्या डबक्यात गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. कमरेतून वाकून दोन्ही हातांनी तळ चाचपत होत्या.

काय चाचपत होत्या, ते कळलं तेव्हा मी रिक्षावाल्याचा खांदा धरून रिक्षा थांबवली.

"अक्काऽऽ!" धाकटी पुलावरून किंचाळली.

अक्कांनी वर पाहिलं. आम्ही धावत खाली उतरलो. त्या पाण्यातून बाहेर आल्या, तोंड लालबुंद, ओठ फाटलेले. चिखलाचे हात लुगड्याला पुसले आणि मगच पोरींच्या डोक्यावर ठेवले. "एक. दोन." परत मोजलं. "एक. दोन. बठ्ठ्या शेतस." सगळ्या आहेत याची खात्री झाल्यावर माझ्याकडे पाहिलं.

"माले उठाडं काबर नही रे भाऊ?"

का उठवलं नाही, असं विचारण्याऐवजी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अक्कांनी पदर पुढे ओढला, गाठी सोडायला. पदर पाण्याने भिजून घट्ट झालेला, गाठ सुटेना. दातात धरली तरी सुटेना. आणि तशाच, पदर दातात धरून, अक्का वाळूत बसल्या आणि आडव्या झाल्या.

तीन दिवस सलाईन लागलं. तळपायांना फोड आले होते. बायको जळगावहून त्याच संध्याकाळी रजा टाकून आली आणि तिन्ही दिवस अक्कांच्या उशाशी बसली. अक्का वाचल्या. सुरतेहून त्यांचा मुलगा आला. तिथे कापडाच्या गिरणीत आहे, शांत माणूस. मी हात जोडून सगळं खरं सांगितलं. तो ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, "भाऊ, आता पुरे. आईला मी घेऊन जातो."

निघायच्या दिवशी सगळी गल्ली बसपर्यंत आली. अक्का खिडकीशी बसल्या. तेच लुगडं, धुतलेलं. पदराला दोन्ही गाठी तशाच.

"अक्का, गाठी सोडा आता," मी खालून म्हणालो. "पोरी माझ्याजवळ आहेत."

"तुन्हाजोडे शेतस," अक्का म्हणाल्या, "त्यानाच तं घोर शे."

गल्ली हसली. मीही हसलो. अक्का हसत नव्हत्या. पदर त्यांनी मुठीत घेतला आणि बस हलली.

त्यानंतर फोन यायचे. रविवारी सकाळी, न चुकता. "मोजी का?" एवढंच विचारायच्या. मी मोजायचो. अक्कांना फोनवर ऐकू जावं म्हणून मोठ्याने मोजायचो, "एक, दोन," आणि पोरी ओरडून हजेरी द्यायच्या. गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी फोन आला नाही. दुपारी मुलाचा आला.

आता पुन्हा सुट्टी लागलीय. थोरली अकरा वर्षांची, ती धाकटीला सांभाळते. मी कामावर निघताना दोघींच्या डोक्यावर हात ठेवतो. थोरलीला आता लाज वाटते, पण मान खाली करते.

परवा गल्लीतलं कोणी सुरतेहून आलं. अक्कांच्या सुनेने एक लुगडं पाठवलं होतं, पोरींना गोधडी शिवा म्हणून. थोरलीने घडी उलगडली. पदराच्या टोकाला एक मोठी गाठ, शेजारी एक बारकी. किती धुण्यांतून गेल्या असतील. कापड विरलं होतं, गाठी दगडासारख्या झाल्या होत्या.

धाकटी नखाने बारकी गाठ उकरायला लागली. "बाबा, सोडू का? आपण तर घरीच आहोत ना?"

थोरलीने तिचा हात धरला. "राहू दे. अक्कांनी आपल्याला अजून सोडलं नाहीये."

मला रडू आलं. पोरींसमोर नको, म्हणून मी कूलरमध्ये पाणी ओतायला उठलो. कूलर भरलेलाच होता.