सुभेदारांचं सफरचंद

शपथेवर सांगतो, पुढचं सगळं खरं आहे. प्रत्येक किश्श्याला मी स्वतः हजर होतो. एकाला नव्हतो, तो अण्णांकडून ऐकला. बरं, दोन किश्श्यांना नव्हतो. सांगलीच्या विश्रामबागेत अण्णांची नर्सरी आहे आणि माझी संध्याकाळ तिथल्या बाकावर जाते. रिकाम्या कुंड्या एकात एक बसत जातात, तसे तिथले किस्से साठत जातात.

*

अण्णा रोप विकत नाहीत, त्याला स्थळ बघतात. "ऊन किती तास? माती काळी का मुरमाड? पाणी बोअरचं का नळाचं?" उत्तरं पटली नाहीत तर रोप मिळत नाही.

वाईहून बदली होऊन आलेल्या एक मॅडम म्हणाल्या, "पाचगणीला त्या हायड्रेंजियाचे केवढे निळे गुच्छ असतात! तेच द्या."

अण्णा म्हणाले, "देतो की. तुमी मे महिन्यात दुपारी दोन ते चार गच्चीवर बसून दाखवा, मग देतो."

मॅडम जास्वंद घेऊन गेल्या. आता तिची फुलं कुंपणावरून रस्त्यावर पडतात.

*

खंडाळ्याकडचे सुभेदार माने रिटायर होऊन सांगलीला मुलाकडे आले, ते ट्रंकेबरोबर ओल्या पोत्यात गुंडाळलेलं सफरचंदाचं रोप घेऊन. नेगी नावाच्या फौजेतल्या जोडीदारानं हिमाचलातल्या आपल्या बागेतून काढून दिलेलं.

"अण्णा, ह्ये कुठं लावू?"

"रेल्वेत. परत जाणाऱ्या."

"आवं, चेष्टा नका करू. जोडीदाराची वस्तू हाय."

"साहेब, त्येला सगळा हिवाळा कडक थंडी लागती. आपली थंडी म्हंजे सकाळी सातला स्वेटर आन् नऊला पंखा."

"आमी डोंगरावर तोफा चढवल्यात," सुभेदार म्हणाले. "एक झाड काय घिऊन बसलाय."

*

मार्चपासून ते रोज आळ्यात बर्फ टाकायला लागले. एप्रिलमध्ये बेडरूमचा कूलर उचलून झाडापुढे ठेवला.

मानेकाकू पदरानं घाम पुसत नर्सरीत आल्या. "अण्णा, तुमीच सांगा त्येनला. एवढा संसार केला, पर माज्याकडं कवा टेबलफॅनचं तोंड वळवलं न्हाई."

अण्णा सांगायला गेले, तेव्हा सुभेदार झाडाला छत्री बांधत होते.

मे लागला आणि सगळी पानं करपून नुसती काठी उरली.

*

त्याच आठवड्यात सुभेदार येऊन बाकावर बसले.

"नेगी रविवारी येतोय. झाड बगायला."

"मग दाखवा की काठी," अण्णा म्हणाले. "त्यो काय फाशी देतोय?"

"फोनवर सांगून बसलोय, झाड माझ्या उंचीचं झालंय म्हणून." मग आवाज खाली गेला. "बर्फात माझा पाय मोडला तवा त्येनं मला पाठीवर घिऊन उतरवलंय, अण्णा. त्येचं एक झाड मला जगवता आलं न्हाई. कुठल्या तोंडानं सांगू?"

मी म्हणालो, "अण्णा, तुमच्याकडं तेवढ्या उंचीचा पेरू आहे मोठ्या पिशवीत. लावून टाकू."

"सफरचंदाच्या बागेत वाढलेला माणूस पेरूला सफरचंद म्हणंल व्हय रं?"

"निदान हिरवं तरी दिसेल."

जन्मात कुणाला चुकीचं झाड न दिलेले अण्णा सुभेदारांकडे बघत राहिले. मग उठले. "आदी त्येचे पेरू तोडा."

*

रविवारी नेगीसाहेब आले. बुटके, पांढऱ्या मिशांचे. तडक झाडापाशी गेले. आम्ही तिघं मागे रांगेत उभे. त्यांनी झाडाला एक चक्कर मारली, पान चोळून वास घेतला. एका पानाआड आमच्या नजरेतून सुटलेला एक पेरू लोंबत होता. तो त्यांनी तोडला आणि दातानं फोडला.

सुभेदारांनी डोळे मिटले.

"थोडा कच्चा है," नेगीसाहेब म्हणाले. "लेकिन सेब हमारे यहाँ से मीठा है."

सुभेदारांनी इतक्या जोरात श्वास सोडला की मला वाटलं, कूलरच चालू झाला.

चहा घेताना नेगीसाहेबांनी मोबाईल काढला. "माने साब, आपने जो आम का पौधा दिया था, देखिये कितना बड़ा हो गया."

फोटोत मागे बर्फाचे डोंगर आणि पुढे चांगला डेरेदार अक्रोड. त्या डोंगरांत अर्धी नोकरी काढलेल्या माणसाला अक्रोड ओळखायला चष्मा लागत नाही. तरीही सुभेदारांनी चष्मा लावला. फोटो नीट बघितला.

"आम एकदम जोरदार आया है, नेगी," ते म्हणाले. "पानी देते रहो."

*

आता एक कबूल करतो. 'थोडा कच्चा है' आणि त्यापुढचं वाक्य माझं आहे. झाडापाशी नेगीसाहेब एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी अख्खा पेरू बियांसकट खाल्ला आणि आणखी एखादा आहे का, म्हणून वाकून फांदीखाली बघितलं.