‘बंद’ कोण म्हणालं

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की माझं डोकं फिरतं. पिंपळाखाली कोणी दिसलं म्हणून कुणी सांगायला लागलं, की मी विचारणार — किती घेतली होती? हे लिहितोय तेसुद्धा मुलानं फार गळ घातली म्हणून. माझी हौस नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. आमचं घराणं मूळ मिरजेकडचं, पण हुबळीत मुरलेलं. बाकीच्या भाऊबंदांची बाजारात दुकानं. थोरला भाऊ अण्णा आणि मी मात्र एका टॉकीजमध्ये अँप्लिफायर सांभाळायचो. दोघंही बायकापोरांचे धनी, राहायला केशवापुरात एकाच घरात.

लढाईपायी अँप्लिफायरचे नवे व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, मिळत नव्हते. जुने, जोडी न जुळणारे लावायचे आणि सारखा बायस बसवत राहायचं. बायस म्हणजे व्हॉल्व्हमधून किती करंट जाऊ द्यायचा, त्याचा लगाम. सैल सोडला की आतली प्लेट लालभडक होऊन व्हॉल्व्ह जातो, फार आवळला की आवाज फाटतो. आणि हे काम मशीन चालू ठेवूनच करावं लागतं... आत चारशे-पाचशे व्होल्ट!

म्हणून आमची रीत ठरलेली. अण्णा मशीनच्या मागे उकिडवा बसून उजव्या हातानं स्क्रू फिरवणार, डावा हात पाठीमागे कासोट्यात खोचलेला. दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो. साहेब लोक म्हणे एक हात खिशात ठेवतात. धोतराला कुठला आलाय खिसा? मी पुढच्या बाजूला, मीटर आणि मेन स्विचपाशी. मध्ये मशीन, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही. मी काटा वाचणार, आणि मी “बंद केलं, अण्णा” म्हटल्याशिवाय तो डावा हात सोडवणार नाही. त्याचा जीव माझ्या शब्दावर, असा सरळ हिशेब.

त्या दिवशी मॅटिनीच्या आधी बसलो होतो. थेटर रिकामं, केबिनचं दार आतून लावलेलं.

“किती दाखवायलंय?”

“पस्तीस. अजून थोडं... हां, चाळीस. बास.”

काटा स्थिर झाला. अण्णा म्हणाला, “ह्या व्हॉल्व्हच्या डोक्यावरची क्लिप सैल झालीय रे. आवळून घेतो. बंद कर.”

मी स्विचकडे हात नेला. नुसता नेला, ओढला नव्हता. एवढ्यात अण्णाच्या डोक्यावरच्या छोट्या स्पीकरमधून — सिनेमाचा आवाज केबिनमध्ये ऐकण्यासाठी तो लावलेला असायचा — शब्द आले.

“बंद केलं, अण्णा.”

माझा आवाज. माझाच. तसाच घोगरा, ‘अण्णा’ म्हणताना जरा ओढणारा... आणि मी तर तोंडसुद्धा उघडलं नव्हतं! “अण्णा, नको” म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात पलीकडे धप्प झालं, मीटरचा काटा टोकाला जाऊन आपटला. मी स्विच ओढला आणि मागे धावलो.

अण्णा भिंतीशी पडला होता. फेकला गेला म्हणून वाचला, चिकटून राहिला असता तर संपलंच होतं. डावा तळवा भाजलेला, डोळे छताला लागलेले. मी त्याची छाती चोळत रडत होतो. बऱ्याच वेळानं त्यानं श्वास ओढला.

सैल व्हॉल्व्हला टिचकी मारली तर स्पीकरमध्ये टण्ण वाजतं, कधी जवळ बोललेलंही घुमतं, हे मला ठाऊक आहे. पण त्याला आधी कुणी बोलावं लागतं ना? थेटरात माईक नव्हता. प्रोजेक्टरमध्ये फिल्म नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तेच मशीन लावून एकटा मीटरपुढे बसलो. नुसती घूंऽऽ अशी घरघर. तरी बसवेना. आता बोलेल, आता बोलेल असं वाटत राहिलं, तसा उठलो आणि रस्त्यावर पळालो.

घरी वैनीनं एकदाच विचारलं, “भावजी, स्विच न ओढताच कसं म्हणालात?”

“मी म्हणालोच नाही, वैनी.”

ती आत निघून गेली.

अण्णाची बोटं पुढे नीट मिटली नाहीत. एका संध्याकाळी मी आईची शपथ घेऊन त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. चांगल्या हातानं माझा गुडघा थोपटला. “बिडो, दत्तू. जाऊ दे. निघतं एखाद्या वेळी तोंडातून. मी तुला कधीच माफ केलंय.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जे मी केलंच नाही त्याची माफी घेऊन कुठं जायचं? अण्णा गेला तो तीच समजूत धरून. जायच्या आधी पोरांना सांगून गेला, काकाला ह्यावरून कुणी काही बोलायचं नाही.

तो आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. तो माझा नव्हता, हे सांगणारा मी एकटाच.

हल्ली मी झोपेत बोलतो, असं बायको म्हणते. काय बोलतो, हे तिला विचारायची माझी छाती होत नाही.