लंगोट बदलायला जागा

बायको परीक्षेला आत बसली आणि आमची चार महिन्यांची पोरगी माझ्या खांद्यावर आली. शिक्षक भरतीची परीक्षा, बायकोच्या वयात बसणारी ही शेवटची. पुसेगावात हळद शिजवायची घाई, म्हणून घरचं कोणी सोबत आलं नव्हतं. हिंगोलीत जीपमधून उतरताना ती एवढंच म्हणाली, "तिला रडू देऊ नका. मला आत ऐकू आलं की पेपर गेलाच समजा."

मी कॉलेजच्या आवारात येरझाऱ्या घालत होतो. बसलो की पोरगी किरकिरायची, उभा राहिलो तरी किरकिरायची. मग माझ्या शर्टाला गरम ओल लागली. लंगोट भरून वाहत होता, मांड्या लालभडक झाल्या होत्या. पाणी हवं होतं आणि तिला आडवं करायला हातभर जागा. पुरुषांच्या मुतारीत नळ तेवढा होता, बाकी पाय ठेवायलाही किळस येत होती. बायकांच्या संडासाबाहेर बसलेल्या बाईनं मला अडवलं. "पुरुषाला न्हाई जाता येत, भाऊ."

"आत लेकरू टेकवायला तरी काही हाये का?" मी चिडून विचारलं.

"न्हाई. बायकाबी मांडीवरच बदलतेत."

ही इमारत बांधणाऱ्यांच्या घरी लेकरं हगत नसावीत.

शेवटी वर्ग आणि मुतारीमधल्या बोळात टॉवेल अंथरला, तिला फरशीवर निजवलं आणि ओल्या फडक्यानं पुसायला लागलो. ती चक्क गप्प होती, पाय उडवत होती. तेवढ्यात शिपाई चहाची किटली घेऊन घाईनं आला आणि तिला ओलांडून वर्गाकडे निघाला.

"आरं, लेकरू ओलांडलंस की!" सुनेसोबत हट्टा गावाहून आलेली एक आजी बाकावरून ओरडली. "वाढ खुंटंल तिची! उलटा ओलांड!"

"व्हय, व्हय, आजी," म्हणत शिपाई लगेच वळला. त्याचा पाय माझ्या पोरीवर उचललेला, हातात वाफाळती किटली. मी सगळ्या ताकदीनिशी ओरडलो, "थांब!"

तो बराबर ओलांडून गेला, चहाचा थेंबही सांडला नाही. पण माझ्या आवाजानं पोरगी दचकली आणि तिनं टाहो फोडला. तिला तशीच टॉवेलात गुंडाळून मी फाटकापर्यंत पळालो.

पेपर सुटला. बायको छातीशी पदर घट्ट धरून बाहेर आली.

"मघाशी कोण रडत होतं?"

"दुसऱ्याचं लेकरू व्हतं."

तिनं पोरीला घेतलं, तसा पदर बाजूला झाला. ब्लाउज खालपर्यंत भिजलेला होता.

"दुसऱ्याच्या लेकराला असा पान्हा न्हाई फुटत," ती म्हणाली. "शेवटचं पान तसंच राहिलं."