कॅमेऱ्यापायी गेलेले अकरा गुरुवार

आधीच सांगते, मला गाडी चालवता येत नाही आणि त्या कॅमेऱ्यातलंही काही कळत नाही. तरी तीन महिने आमच्या घरात त्याच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. तेव्हा माझं जे डोकं फिरलं ते अजून जाग्यावर आलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

गुरुवार हा माझा आक्काकडं जायचा वार. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. राधानगरीच्या वाटेवर एका खेड्यात राहते. गेल्या वर्षी गोठ्यात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, रोज चालवा, नाहीतर पाय धरून बसेल. आता कोण चालवणार? सून चांगली आहे बिचारी, पण चार म्हशींचं शेणघाण, धार, डेअरीला दूध घालणं यात तिचा दिवस बुडतो. आणि आक्का सुनेचं ऐकते थोडीच! माझंही ऐकत नाही, पण माझ्याशी भांडायला म्हणून उठते, आणि भांडत भांडत चालते. उन्हाळ्याच्या शेवटाला आम्ही दोघी घरातून निघून अंगण ओलांडून थेट गोठ्यापर्यंत जात होतो. म्हशीच्या पाठीवर हात ठेवला की आक्का म्हणायची, "बास, आता परत फिरव."

आम्ही राहतो उचगावात. इथून तिकडं जायला एस्टी आहे, नाही असं नाही, पण माझे गुडघे एस्टीची पायरी चढत नाहीत आणि फाट्यावर उतरून पुढं गावापर्यंत तंगडतोड आहे ती वेगळीच. म्हणून आमचे हे मला गाडीतून न्यायचे. ह्यांनी सगळी उमर फाउंड्रीत घालवली. रिटायर झाल्यावर गाडी शिकले आणि जुनी का होईना, एक छोटी गाडी घेतली. त्या गाडीचा ह्यांना कोण अभिमान! साठीनंतर शिकलेला माणूस, पण चालवणं एकदम बेताचं, जपून.

आषाढातल्या एका गुरुवारी आम्ही आक्काकडनं परत येत होतो. उचगावच्या पुलाखाली उलट्या बाजूनं एक दुचाकीवाला आला, दोन्हीकडं दुधाच्या किटल्या लावलेल्या. आमच्या दाराला घासला आणि आडवा झाला. त्याला खरचटलंसुद्धा नाही, पण दूध गेलं सगळं रस्त्यावर. आता आमच्याकडची रीत अशी, की रस्त्यात काही झालं की पहिल्यांदा कुठली गाडी मोठी ते बघायचं. सायकल आणि फटफटी भिडली तर चूक फटफटीची. फटफटी आणि कार भिडली तर चूक कारवाल्याची. ट्रक असला तर मग विचारायलाच नको. कोण कुठनं आलं हे कुणी बघत नाही. पाच मिनिटांत तीस माणसं जमली.

"पावणं, उतरा खाली," एकजण म्हणाला.

हे उतरले. म्हणाले, "अहो, ते उलट्या बाजूनं आलंय."

"त्ये कसं बी येऊ दे. तुमाला दिसत न्हाय व्हय? एवढी मोठी गाडी घेऊन चाललाय!"

मी काच खाली करून ओरडले, "मी बघितलंय की डोळ्यांनी! तो राँग साइडनं आलाय!"

तर तो माणूस मला हसून म्हणतो, "काकी, तुमी घरच्याच की ओ. तुमी काय दुसरं सांगणार हाय?"

आणि मागनं कुणीतरी बोललं, "म्हाताऱ्याला झेपत न्हाय तर चालवतोय कशाला?" हे मुकाट्यानं खिशात हात घालून दुधाचे पैसे देऊन आले. रात्रीची भाकरी अर्धी ठेवली.

मुलगा पुण्याला असतो. त्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, गाडीच्या काचेला कॅमेरा बसवायचा. समोरचं सगळं रेकॉर्ड होतं. परत असं झालं तर लोकांना दाखवायचं, हे बघा." मला एकदम पटलं. ह्यांनाही पटलं. म्हणाले, "कॅमेरा बसल्याबिगर गाडी भाईर काढणार न्हाय." मी म्हटलं, घेऊन टाकू उद्याच, गुरुवारच्या आत बसवू.

तिथंच पहिली माशी शिंकली. मुलगा म्हणाला, "उद्या नको. ऑनलाइन सेल लागतोय. निम्म्या किमतीत मिळेल, थोडं थांबा."

थोडं म्हणजे किती, हे मी विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं.

त्यानं पुण्याहून माझ्या फोनवर त्या कॅमेऱ्याची लिंक पाठवून दिली. रोज उघडून बघायचं, भाव कमी झाला का. पहिल्यांदा मला त्याची मजाच वाटली, खोटं कशाला बोलू. सकाळचा चहा झाला की चष्मा लावून बघायची. कधी पन्नास रुपये उतरायचा, कधी सत्तर चढायचा. मी ह्यांना ओरडून सांगायची, जसा काही आमचा गूळ मार्केट यार्डात लिलावाला लागलाय. स्वातंत्र्यदिनाचा सेल लागला, जरा बरा उतरला. मी म्हटलं, घेऊ? मुलगा म्हणाला, "आई, हा खरा सेल नव्हे. आधी किंमत वाढवतात आणि मग कमी करून दाखवतात. दसरा-दिवाळीचा खरा." राखीपौर्णिमेला म्हटलं, घेऊ? तर हे म्हणाले, "आता येवढं थांबलोय, आनी थोडं थांबू."

आणि तोवर गुरुवार जातच होते. आक्काचा फोन यायचा, "येणार न्हवं?"

"कॅमेरा बसला की येतो, आक्का."

"कसला कॅमेरा? माझं फोटू काढायचंत काय?"

तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं एक एक नवीनच." पहिल्या महिन्यात हसत म्हणाली. दुसऱ्या महिन्यात फोनवर हसणं कमी झालं. मी विचारायची, "चालतीस का?" तर म्हणायची, "व्हय, चालतो की." सुनेला विचारलं तर ती म्हणायची, "मावशी, तुमी आला असता तर बरं झालं असतं."

मी ह्यांच्या मागं लागले. म्हटलं, मी एकटी जातो एस्टीनं. तर मुलगा फोनवरून ओरडतो, पडलीस तर काय करायचं, दोघी बहिणी आडव्या व्हाल. म्हटलं, मग भाड्याची गाडी करू. तर हे चिडतात, "दारात गाडी असताना भाडं?" काही करू द्यायचं नाही आणि स्वतः काही करायचं नाही.

त्यातच मला एक दिसायला लागलं. हे रोज सकाळी गाडी पुसायचे. पाणी मारायचे, काचा कागदानं घासायचे. मग आत बसून पाच मिनिटं गाडी चालू ठेवायचे आणि बंद करायचे. बॅटरी उतरू नये म्हणून, असं म्हणायचे. एकदा मी तुळशीला पाणी घालता घालता बघितलं, गाडी बंद करून झाली होती तरी हे स्टिअरिंगला दोन्ही हात धरून नुसते बसले होते. फाटकाकडं बघत. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. सेल लागत नाही हे ह्यांच्या पथ्यावरच पडलं होतं. पण हे तोंडावर कसं म्हणायचं? पुरुषमाणसाला तू भितोस म्हटलं की तो आणखी हटून बसतो. मी गप्प बसले, आणि गप्प बसण्याचा मला राग राग आला.

शेवटी तो खरा सेल लागला. कधी? म्हाळ सुरू झाल्यावर! पितरांचा पंधरवडा. आता आमच्याकडं म्हाळात कुणी साधा चमचा घरात आणत नाही, तर नवा कॅमेरा कुठला. हे म्हणाले, "म्हाळात नवी वस्तू आणायची न्हाय."

मुलगा म्हणाला, "बाबा, आत्ता नुसतं बुक करा. आल्यावर खोकं तसंच ठेवा. घट बसल्यावर उघडा."

"आनी ठेवायचं कुठं? घरातच की!"

"शेजाऱ्यांकडं ठेवा."

"त्येंच्याकडं म्हाळ न्हाय व्हय?"

दोन दिवस बापलेकांचं हेच. मी मध्ये बोलले तर दोघंही म्हणायचे, तू थांब. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून फोन उघडला तर कॅमेऱ्याखाली तांबड्या अक्षरात लिहिलेलं, माल संपला. मला वाटलं, फोन उचलून हौदात टाकावा.

त्याच दिवशी दुपारी आक्काचा फोन आला. मी तिला सगळी कर्मकथा सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आसू दे बाई. आता पुढल्या सालीच या. माझाच म्हाळ जेवायला. मग काय, मी चालायची बी गरज न्हाय आनी तुमाला बी कॅमेरा मिळालेला असंल."

आणि फोन ठेवला. आक्का आयुष्यात कधी माझ्याआधी फोन ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारच होता तो, मी कुणाला न सांगता रिक्षा केली आणि शहरात शाहूपुरीत गेले. गाडीचे सीटकव्हर वगैरे विकणारं दुकान. गल्ल्यावर एकटा मालक, पेपर वाचत बसलेला. गिऱ्हाईक एक नाही. मी कॅमेरा मागितला.

त्यानं माझ्याकडं वरून खाली बघितलं. "मावशी, म्हाळात घेताय?"

"व्हय."

"न्हाय, घ्या की, माझं काय जातंय. पण खरं सांगू? पंधरा-वीस दिवस थांबा. दसऱ्याला आमच्याकडं ऑफर लागणार हाय."

मी त्या बिचाऱ्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. सेलवाल्यांना, मुलाला, नवऱ्याला जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं त्याला ऐकवलं. तो उभाच राहिला. म्हणाला, "घ्या मावशी, घ्या. आत्ताच घ्या. पाणी देऊ का?" मग म्हणाला, "बसवायला गाडी आणावी लागंल. माणूस दुकानात असतोय, घरी येत न्हाय."

मी घरी आले आणि खोकं थेट गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं. हे बाहेर आले.

"काय हाय त्ये?"

"कॅमेरा."

"म्हाळात घरात नवी..."

"घरात कुठं आणलाय? गाडीत ठेवलाय. चला, बसवून घेऊ."

"कॅमेरा न्हाय गाडीला. गाडी काढू कशी?"

"अहो, गाडी नेल्याबिगर कॅमेरा बसणार कसा?"

एवढी सरळ गोष्ट तीन महिने कुणाच्या डोक्यात आली नव्हती. ह्यांच्या आली होती बहुतेक. मी दार उघडून पुढं बसले आणि पट्टा लावला. म्हटलं, "मी आता उतरत न्हाय. स्वयंपाक बी करणार न्हाय. हितंच बसतो."

मग हे आत गेले, बाहेर जाताना घालायची टोपी घालून आले आणि गाडी चालू केली.

मला बोलायची सवय, पण त्या दिवशी मी दात दातावर ठेवून बसले. गाडी गोगलगायीसारखी चालली होती. मागचे हॉर्न मारून शिव्या घालून पुढं जात होते. पुलाखाली आलो तेव्हा ह्यांच्या कपाळावरून घामाची धार लागलेली मी बघितली. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, परत डावीकडं. एक दुचाकी पुढ्यातून सुळकन गेली आणि ह्यांनी असा ब्रेक मारला की खोकं सीटवरून खाली. पूल गेला.

शाहूपुरीत पोचलो तर दुकानाचं शटर खाली. दुपारी जेवायला बंद, चारला उघडणार. गाडी लावायला तसूभर जागा नाही आणि मागं रांग लागलेली. हे घाबरून म्हणाले, "आता काय करू? कुठं नेऊ?"

मी म्हटलं, "राधानगरी रोडला घ्या."

माझ्याकडं बघितलं, पण घेतली.

आक्का खाटेवर बसली होती. आम्हाला बघून म्हणाली, "आलासा? बसला काय कॅमेरा?"

"न्हाय."

"मग आलासा कसं?"

हे सरळ म्हशी बघायला गोठ्याकडं गेले. मी आक्काला म्हटलं, ऊठ, चल. तिनं माझा खांदा धरला. पाय उचलतच नव्हता, जमिनीवरून ओढत होता. गुडघा वाळक्या लाकडासारखा. माझ्याशी भांडलीसुद्धा नाही. खाटेपासून उंबऱ्यापर्यंत आलो आणि ती चौकटीला धरून धापा टाकत म्हणाली, "येवढंच व्हतंय आता."

अकरा गुरुवार. मला मुलाचा राग आला, ह्यांचा आला. त्या फोनमधल्या तांबड्या अक्षरांचा आला. पण रोज सकाळी चहानंतर चष्मा लावून पन्नास रुपये उतरले म्हणून ओरडणारी मीच होते, हेही तिथं त्या चौकटीत उभं राहून आठवलं.

कॅमेरा पुढच्या आठवड्यात बसला. चालतोय म्हणे. दर गुरुवारी आम्ही जातो; हे आता गाडी जरा बरी पळवतात. आक्काचा पाय मात्र अजून उंबऱ्याबाहेर पडत नाही. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल, सुटेल की नाही सांगता येत नाही. मी तिच्या गुडघ्याला तेल चोळते तेव्हा हात आपोआप जोरात चालतो. मग ती माझ्या मनगटावर फटका मारते आणि ओरडते, "अगं ए, माझ्या पायावर कुणाचा राग काढतीस?"