अर्धा किलो उडदाचा प्रयोग

रायपूरच्या एका मुलींच्या शाळेत शारदाबाई ठवकरांनी एकतीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली. परीक्षानळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, तराजूची वजनं पुसून ठेवायची, हे त्यांचं काम. प्रयोग मॅडम करून दाखवायच्या. शारदाबाई मागे उभ्या राहून मनातल्या मनात मिनिटं मोजायच्या. प्रयोग कुठे फसला ते बहुतेक वेळा त्यांना आधी कळायचं, पण मध्ये बोलायची रीत नव्हती.

रिटायर झाल्यावर त्यांनी शंकर नगरच्या एका मोठ्या दुकानातून डाळ वाटायचा दगडी ग्राइंडर आणला. तिसऱ्याच दिवशी उडदाची डाळ घातली आणि सात मिनिटांत तो गुरगुरून बंद पडला. दुकानाने त्यांना भनपुरीच्या सर्व्हिस सेंटरला धाडलं. तिथल्या माणसाने ग्राइंडर रिकामाच फिरवला, तो छान फिरला, आणि कागदावर ‘चालू आहे’ असा शेरा मारून त्याने तो परत दिला. घरी डाळ घातली की पुन्हा सात मिनिटं. दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं.

त्या दिवशी रिक्षातून येताना शारदाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भनपुरीला पोचेपर्यंत यंत्र थंड होतं, आणि तिथे कुणी डाळ घालतच नाही!

शनिवारी पहाटे त्यांनी अर्धा किलो उडीद मोजून भिजत घातले. दुपारी भिजलेल्या डाळीचा डबा, माहितीपुस्तक, बिल, दुकानात दिलेल्या पहिल्या तक्रारीचा कागद आणि भनपुरीचे दोन्ही कागद पिशवीत भरले. त्यांच्या नवऱ्याने, अनंतरावांनी, ग्राइंडर उचलला खरा, पण रेल्वेत गार्ड म्हणून जन्म काढलेल्या त्या शांत माणसाला तमाशाची धास्ती होती.

“काहून झगडा करून राहिली, शारदा? जाऊ दे ना.”

“मी झगडा नाही करून राहिली,” त्या म्हणाल्या. “प्रयोग करून राहिली. तुम्ही फक्त घड्याळ पाहा.”

दुकानाचा मॅनेजर निरंजन तसा गोड बोलणारा. बदलून द्यायची मुदत सात दिवसांचीच असते, आंटीजी, आणि मशीनमध्ये तर काही दोषच नाही, असं त्याने हिंदीत समजावलं. शारदाबाईंनी पहिल्या तक्रारीचा कागद समोर ठेवला. त्यावर तिसऱ्या दिवसाची तारीख आणि दुकानाचाच शिक्का होता. मग पुस्तकातली ओळ त्यांनी त्यालाच वाचायला लावली: अर्धा किलो डाळ, सलग पंधरा मिनिटं. निरंजनने हसून काउंटरवरचा प्लग दाखवला. डाळ पडली, दगड फिरू लागले.

पाच मिनिटं झाली. गिऱ्हाइकं जमली. सात झाली. ग्राइंडर फिरतच होता. आठ. नऊ. निरंजनच्या चेहऱ्यावरचं हसू रुंदावलं. अनंतराव घड्याळातून मान वर काढेनात. शारदाबाईंनी दगडांवरची नजर हलवली नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा स्वतः मांडलेला प्रयोग, आणि तोच फसणार? एवढ्यात वरून थंड हवेचा झोत त्यांच्या मानेवर आला. एसी! घरी स्वयंपाकघर भट्टीसारखं तापतं. इथे मोटर गरम व्हायलाच वेळ लागणार.

“थांबा,” त्या सगळ्यांना हिंदीत म्हणाल्या, “पंधरा व्हायची आहेत.”

अकराव्या मिनिटाला जळकट वास आला. दगड अडखळले, गुरगुरले आणि थांबले. निरंजनने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. काही नाही. थोडा थंड झाला की चालू होईल, असं तो पुटपुटला.

“होईलच,” शारदाबाई म्हणाल्या. “म्हणून तर भनपुरीत दोनदा चालू झाला.”

लोक हसले. निरंजनही शेवटी हसला आणि त्याने गोदामातून नवा ग्राइंडर आणायला सांगितलं. शारदाबाईंनी खोका तसाच न्यायला साफ नकार दिला. ती अर्धवट वाटलेली डाळ बाजूला काढायला लावून त्यांनी दुकानातल्या एका मुलीला समोरच्या किराण्यातून तितकीच डाळ आणायला पाठवलं. ती भिजेपर्यंत दोघं नवराबायको दुकानातल्या सोफ्यावर चार तास बसून राहिले. निरंजनने दोनदा चहा पाठवला. मग नव्या यंत्राने पंधरा मिनिटं पुरी केली, एकदाही न कुरकुरता. पीठ कापसासारखं फुललं होतं.

अनंतरावांनी खोका उचलला. दाराशी सोनिया नावाची एक तरुण बाई वाट पाहत उभी होती. दुपारी पहिला प्रयोग पाहून ती घरी गेली होती आणि मुद्दाम परत आली होती. तिचा मिक्सर दोन महिन्यांपासून असाच दगा देत होता, आणि दुकानवाले ऐकत नव्हते.

“दीदी, तुम्ही याल का माझ्यासोबत?”

“येईन ना,” शारदाबाई म्हणाल्या. “आधी सांग, त्यात काय घातलं की तो बंद पडतो?”