बिनफिर्यादीचा बैल

मी जमादार होतो तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता. आमचा सगळा कारभार परभणीहून चालायचा. माझी चौकी कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूरच्या पुढं, एका लहानशा गावाजवळ होती. दोन खोल्या, एक लाकडी पेटी, भिंतीवर तालुक्याचा नकाशा आणि एक शिपाई. तो कायम कुठल्या ना कुठल्या बंदोबस्ताला गेलेला असायचा. त्या गावातून सहा वर्षांत माझ्याकडं दोन फिर्यादी आल्या होत्या. एक बांधाच्या भांडणाची, आणि दुसरी फिर्यादीनं दुसऱ्याच दिवशी मागं घेतलेली. माझी बायको गेली, आणि त्यानंतरच्या चार महिन्यांत त्याच गावात अकरा चोऱ्या झाल्या.

ती तुरीच्या खुटानं गेली. चौकीमागच्या वावरात सरपण वेचताना कापलेल्या तुरीचं खुट पायात घुसलं. तिनं हळद भरली, वर चिंधी बांधली आणि मला सांगितलंसुद्धा नाही. आठव्या दिवशी जबडा धरला. जीप मिळवून तिला दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. धनुर्वात. एकुलती एक मुलगी नांदेडकडं दिलेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, ती पंधरा दिवस राहिली, मग तिला तिच्या लेकरांकडं परत जावं लागलं. मी चौकीत एकटा उरलो.

तिची एक सवय सांगायला हवी. मी पंचनामा लिहून आणला की ती म्हणायची, "वाचून दावा." तिला अक्षर येत नव्हतं, पण ती पूर्ण ऐकून घ्यायची आणि शेवटी एकच विचारायची, "आन् चूल पेटलेली व्हती का?" मी म्हणायचो, "बांधाच्या भांडणात चूल कुठून आली?" ती म्हणायची, "ज्या घरात चूल पेटली न्हाई, त्या घरातलं भांडन खरं." ती गेल्यावर मी प्रत्येक पंचनाम्यात चुलीची नोंद करायला लागलो. मुद्दाम नव्हे. हात आपोआप लिहायचा.

दुसरी गोष्ट, ती असेपर्यंत मी कुणाच्या घरी जेवलो नाही. आम्ही बौद्ध. माझ्या बापानं दीक्षा घेतली, मी शिकलो, खाकी चढवली, तरी गावात मला चहा वेगळ्या कपात यायचा. तो कप ओसरीच्या कोनाड्यात पालथा ठेवलेला असायचा. बायको म्हणायची, "तहान लागली तं नदीचं पानी प्या, पन त्या कपाला हात लावू नका." ती मला भाकरी बांधून द्यायची. आता भाकरी बांधणारं कुणी नव्हतं. मला स्वयंपाक येत नव्हता. मी चिवडा आणि गूळ खाऊन दिवस काढत होतो, आणि पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं होतं.

पहिली चोरी वरवंट्याची झाली. सकाळी गावचे पोलीस पाटील स्वतः चालत आले. साठीचा माणूस, डोक्याला मळकट पटका, बोलताना आधी खाकरायची सवय.

"जमादार, घात झाला. माझ्या घरचा वरवंटा गेला."

"पाटा?"

"पाटा हाये. वरवंटा तेवढाच गेला."

"वरवंटा कोन चोरतो पाटील?"

"त्येच तं. म्हनून तं तुमाला बोलवायला आलो. बाराच्या टायमाला या. बराबर बाराला."

मी गेलो. ओसरीवर बसून पंचनामा लिहिला. लिहून होतं न होतं तोच आतून पत्रावळ आली. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. मी उठायला लागलो तसे पाटील खाकरले.

"बसा. पंचनामा सरकारी, तुमी सरकारी मानूस. तुमी जेवलात म्हंजी सरकार जेवलं. सरकारला जात न्हाई."

हा कायदा मी कुठंही वाचला नव्हता. बायको असती तर ती तिथून उठली असती, आणि पाटलांच्या हातात पितळी आणि माझ्यापुढं पत्रावळ हे तिनं सगळ्यात आधी पाहिलं असतं. मीही पाहिलं. पण भाजी गरम होती. मी जेवलो. घरी येताना मला स्वतःची लाज वाटली आणि पोट भरल्याचं सुखही वाटलं, दोन्ही एकदमच. पंचनाम्यात मी लिहिलं होतं, "चूल पेटलेली. वर वांग्याची भाजी."

चटणी वाटलेली होती, ती वरवंट्याशिवाय कशी वाटली, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. दुःखात माणूस इतका मठ्ठ होतो.

चार दिवसांनी एका घरून कोंबडा गेला. मग सुताराच्या घरचा पाळणा गेला. त्याच्या घरात पाळण्यातलं कुणी नव्हतं. धाकटा मुलगा फौजेत होता. मग एका घराचं दार गेलं. बिजागऱ्यांसकट अख्खं दार, भर दिवसा, घरात सात माणसं असताना. मी सातही जणांच्या जबान्या घेतल्या. सातही जण म्हणाले की ते त्या वेळी दाराकडं पाठ करून बसले होते. त्या घरी मला डाळ-बट्टी मिळाली, आणि पत्रावळीऐवजी जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, ताट आलं. मी तपास मनापासून करत होतो. पाळण्यासाठी मी तीन गावं पालथी घातली. सायकलवरून फिरताना निदान माझं डोकं कुठंतरी गुंतलेलं असायचं.

सातव्या चोरीनंतर गावाशेजारच्या बंजारा तांड्याचे नाईक चौकीत आले. रागानं लाल झालेले.

"साहेब, गावात सात चोऱ्या झाल्या. आमच्या तांड्यात एक न्हाई. असं काहून?"

"चांगलंच आहे की नाईक."

"काय चांगलं? कोनी बी म्हनंल, चोर तांड्यातलाच हाये, म्हनून तांडा सोडून चोरी करून राहिला. आमाला इज्जत हाये का न्हाई? आमच्या इथं बी चोरी झाली पायजे."

"झाली पाहिजे म्हणजे?"

नाईक गोंधळले. मग म्हणाले, "झाली. माझ्या म्हातारीचा हुक्का गेला. परवा दुपारी जाईल. म्हंजी गेला. परवा दुपारी या."

मी रोजनामच्यात "हुक्का, परवा दुपारी" असं लिहून घेतलं. लिहिताना त्यात मला काहीच चूक दिसली नाही, हे मी आज शपथेवर सांगू शकतो. परवा गेलो. म्हातारी खाटेवर बसून हुक्का ओढत होती. मला पाहताच तिनं तो पांघरुणाखाली घातला. पांघरुणातून धूर येत राहिला. मी त्या धुराकडं पाहत पंचनामा लिहिला आणि बाजरीच्या भाकरीबरोबर लसणाची चटणी खाल्ली.

अकराव्या चोरीनंतर ठाण्यातून फौजदारसाहेबांचा कागद आला. एवढ्या लहान गावात अकरा चोऱ्या आणि एकही मुद्देमाल नाही, खुलासा करावा. खाली त्यांनी स्वतःच्या हातानं जोडलं होतं: "प्रत्येक पंचनाम्यात चुलीचा उल्लेख का? कोंबड्याच्या चोरीत चुलीचा काय संबंध? सदर जमादाराची प्रकृती ठीक आहे काय?"

खुलासा लिहायला म्हणून मी अकराही पंचनामे टेबलावर ओळीनं मांडले आणि पहिल्यांदा ते फिर्यादीसारखे न वाचता नुसते वाचले. चूल पेटलेली, वांगं. चूल पेटलेली, पिठलं. चूल पेटलेली, डाळ-बट्टी. अकराच्या अकरा चोऱ्या दुपारी बाराला. एकही घर दोनदा नाही. आणि प्रत्येक घरात स्वयंपाक झालेला, घरच्या माणसांपेक्षा एका माणसाचा जास्त.

बायकोनं पहिल्या वरवंट्यालाच ओळखलं असतं.

मी टोपी घातली आणि पाटलांकडं गेलो. ते गोठ्यात बैलांना कडबा टाकत होते. मागं पाट्यावर वरवंटा होता.

"पाटील, तो काय?"

त्यांनी वळून पाहिलं, खाकरले. "सापडला वाटतं."

"खोटी फिर्याद देणं गुन्हा आहे. आणि तुम्ही पोलीस पाटील. मला अख्ख्या गावावर खटला भरावा लागेल. तांड्यासकट."

पाटलांनी हातातली कडब्याची पेंढी बैलांपुढं टाकली. मग म्हणाले, "जमादार, तुमी वाळून चालले व्हते. सायकलवर नुसता डगला दिसायचा. आता तुमाला या जेवायला म्हनावं तं लोक धा गोष्टी बोलतेत. तुमी बी आले नसते. मंग काय करावं? घरात म्हनलं, चोरी करू."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही. मला जेवू घालायला यांना गुन्हा लागतो, याचा राग. पण तो पाटलांवर ठरेना, गावावर ठरेना. शेवटी मी एवढंच म्हणालो, "यापुढं एक फिर्याद आली तर मी राजीनामा देईन. शपथ घ्या."

पाटलांनी गळ्याची शपथ घेतली. खुलाशात मी लिहिलं, "सर्व वस्तू ज्याच्या त्याच्या घरीच मिळून आल्या. फिर्यादी गैरसमजुतीनं झाल्या. चुलीच्या नोंदीबद्दल दिलगीर आहे." पुन्हा कागद आला नाही.

गाव शब्दाला जागलं. दोन आठवडे कुणी चौकीकडं फिरकलं नाही. मी परत चिवड्यावर आलो. दुपारचे बारा वाजले की उगीच उठून दारात जायचो आणि रस्त्याकडं बघत उभा राहायचो. तंबी मीच दिली होती, आणि आता मलाच कुणाचा तरी पाळणा जावा असं वाटत होतं.

त्या आठवड्यात मी बाळापूरच्या बाजारात गेलो. गुरांच्या बाजारातून सायकल हातात धरून जाताना मला पाटलांचा बैल दिसला. शंका घ्यायला जागाच नव्हती. पांढरा, डावं शिंग खाली वळून डोळ्यापाशी आलेलं, आणि मला पाहून तो ओळखीचं हंबरला. दोर एका मध्यमवयीन, बारीक माणसाच्या हातात होता.

"बैल कुनाचा?"

त्यानं माझ्या टोपीकडं पाहिलं आणि सरळ सांगून टाकलं, "चोरला हाये साहेब. आठ दिवस झाले."

"कुठून?"

त्यानं गावाचं नाव सांगितलं. मग डोळे बारीक करून म्हणाला, "पन साहेब, फिर्याद हाये का?"

मी सायकल स्टँडवर लावली.

"मी दोन दिवस लपून पाह्यलं. कोनी बोंबललं न्हाई, कोनी चौकीत गेलं न्हाई. पाटील रोज रिकाम्या दाव्यापाशी येऊन बसत व्हता, आन् घरात जात व्हता. मला वाटलं, त्याला बैल नकोच हाये. फिर्याद न्हाई तं चोरी कशाची?"

कायद्यानं त्याला उत्तर होतं. पण त्या क्षणी पाटील रिकाम्या दाव्यापाशी बसलेले मला दिसत होते. माझ्या राजीनाम्याच्या भीतीनं ते आठ दिवस गप्प बसले होते.

माझ्याकडं शिपाई नव्हता, आणि बैल त्या माणसाशिवाय कुणाच्या हाताला येईना. त्यामुळं आमची वरात निघाली: पुढं चोर बैल घेऊन, मागं मी सायकल ढकलत. वाटेत भेटणारे लोक चोरालाच रामराम करत होते, बैल त्याच्याकडं होता म्हणून. गावाच्या शिवेवर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. बारा वाजले होते.

पाटील धावत आले. बैलाच्या मानेला मिठी मारली, मग माझ्याकडं पाहून घाबरले. "जमादार, मी फिर्याद केली न्हाई हां. देवाशपथ. कोनी केली?"

"कुणीच नाही. बाजारात दिसला."

"मंग पंचनामा?"

"बैल सापडला. आता कशाचा पंचनामा?"

पाटलांचा चेहरा पडला. आतून फोडणीचा वास येत होता. आम्ही चौघं, म्हणजे पाटील, मी, चोर आणि बैल, अंगणात उभे राहिलो. ज्या निमित्तासाठी गावानं अकरा चोऱ्या केल्या, ते निमित्त आज नव्हतं. खरी चोरी झाली होती, पण ती नेमकी उलगडलेली होती. पाटील दोनदा खाकरले.

शेवटी पाटलीणबाई दारात आल्या. गेल्या सहा वर्षांत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

"काय उन्हात उभे हाये? पाय धुवा अन् आत या. भाकरी गार व्हऊन राहिली."

आम्ही आत गेलो. ओसरी ओलांडून, माजघरात. एका ओळीत तीन ताटं, सारखीच, पितळेची. पाटील, मी आणि चोर. चोर म्हणाला, "मी बाहेर बसतो," तर पाटलीणबाई म्हणाल्या, "गुमान बस. आठ दिवस बैलाला काय घातलंस ते सांग. त्याच्या फासळ्या दिसून राहिल्या." त्यानं खाली मान घालून हिशेबानं सांगितलं, कडबा किती, पाणी कुठल्या ओढ्यावर.

जेवण झाल्यावर मी ओसरीवर भिंतीला टेकलो आणि मला झोप लागली. बसल्या जागी, टोपी मांडीवर, आरोपी शेजारी. ती गेल्यापासून मी असा झोपलो नव्हतो. जाग आली तेव्हा गुरं घरी परतत होती, अंगणात धूळ सोनेरी झाली होती. आरोपी माझ्या उशाशी बसून पंच्यानं माशा हाकलत होता.

"पळाला नाहीस?"

"पाटलीणबाई म्हनल्या, झोपू दे, उठवू नको. आन् माशा लई व्हत्या."

चौकीपर्यंत कोसभर वाट होती. आम्ही चालत निघालो. थोडं अंतर गेल्यावर तो म्हणाला, "साहेब, झोपेत तुमी कोनाशी तरी बोलत व्हते. 'वाचून दावतो' म्हनत व्हते. कोन हाये?"

इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. गावानं जेवू घातलं, पण तिचं नाव कुणी काढलं नव्हतं, मला त्रास होईल म्हणून. मी त्याला सांगायला लागलो. ती भाकरी कशी थापायची, तिला गाडीचा धक्का कसा सोसायचा नाही, रागावली की घरातलं सगळं पाणी कसं ओतून टाकायची आणि मग स्वतःच परत भरायची. वाट संपली तरी मी बोलत होतो, म्हणून आम्ही चौकीच्या दारातच थांबलो. तो सगळं ऐकत उभा राहिला. अटकेत होता, त्यामुळं त्याला ऐकणं भागच होतं.