आत्माराम बोंद्रे मेक्सिकोला निघतो

दुबईजवळच्या रास अल खैमातल्या टाइल्सच्या कारखान्यात आत्माराम बोंद्रे भट्टी सांभाळतो. फरशीला केसाएवढी चीर असली तरी ती त्याच्या नजरेतून सुटत नाही. पण कुणाला 'नाही' म्हणायची वेळ आली की गडी गारठतो. भीड भिकेची बहीण म्हणतात. आत्मारामच्या घरी ती मुक्कामालाच होती.

मागे एकदा मेक्सिकोतल्या प्राचीन माया लोकांच्या कॅलेंडरप्रमाणे जग बुडणार अशी आवई उठली, तेव्हा कारखान्याच्या कँटीनमध्ये भले भले इंजिनियर घाबरले. आत्माराम एकटा म्हणाला, "अरे, आपलं कॅलेंडर डिसेंबरात संपतं, तेव्हा आपण नवं आणतोच ना? त्यांचंही तसंच." जग काही बुडलं नाही, आणि त्या दिवसापासून आत्माराम मायांना आपले अशील मानू लागला. खटला जिंकून दिलेल्या अशिलाच्या घरी वकिलाने एकदा तरी जेवायला जावं, तसं त्याला मेक्सिकोला जावंसं वाटे. मायांचा चिचेन इत्झाचा पिरॅमिड डोळ्यांनी बघायचा, बस्स.

अडचण एकच, सातारा. बोंद्रेंची वार्षिक रजा गेली कित्येक वर्षं लतिकाताईच्या साताऱ्याच्या घरी जाई. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं. ती रुसली तर जगातले सगळे पिरॅमिड फिके. म्हणून या वर्षी आत्मारामने फोनवर सरळ थाप मारली, "ताई, रजा नाकारली गं. भट्टीचं मोठं काम निघालंय." ताई "बरं बाबा" म्हणाली, आणि आत्मारामने जुलैची मेक्सिकोतल्या कानकूनची तिकिटं काढली.

बायको कमलिनीने बजावलं, "अहो, बिल्डिंगमध्ये चकार शब्द काढू नका. महाराष्ट्र मंडळात शिंकलात तरी साताऱ्याला ऐकू जातं."

त्याने काढलाही नाही. लिफ्टमध्ये शेजारच्या मैमुनाबींनी "सुट्टी कधी?" विचारलं, तेव्हा तो फक्त "पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला" एवढंच म्हणाला. आता त्या बिल्डिंगमध्ये सुट्टीचा अर्थ एकच: माणूस गावी चालला. आणि गावी चाललेल्या माणसाच्या बॅगेवर सगळ्यांचा हक्क असतो, हा तिथला कायदा. संध्याकाळी मैमुनाबी खजुराचा डबा, बदाम आणि नातवासाठी गुबगुबीत ब्लँकेट घेऊन दारात हजर. "भाईसाब, साताऱ्याला आमचा जावई, राहिल, तुमच्या ताईंकडे येऊन घेईल. दरवर्षीसारखं." आत्माराम "बरं" म्हणाला आणि ब्लँकेट छातीशी धरून आत आला.

मग रीघ लागली. कऱ्हाडच्या आजोबांसाठी बाम, वाईच्या बाईंसाठी केशर, कुणाची दूध पावडर. त्याने एकालाही परत पाठवलं नाही. बैठकीच्या खोलीत डोंगर झाला.

"बाबा, यू आर टेकिंग अ ब्लँकेट टू मेक्सिको? इन जुलै?" मुलगी पर्णिका किंचाळली.

"हे सगळं शार्जाहून कार्गोने टाकू," आत्माराम पुटपुटला. "वेळेत पोचेल, कुणाला कळणार नाही. खलास."

कमलिनीने कपाळावर हात मारला. "अहो, चोरी करायची तर नीट तरी करा!"

कार्गोवाला यायच्या आधीच ताईचा फोन आला. स्क्रीनवर तिचं नाव बघून आत्मारामने फोन कमलिनीकडे सरकवला. तिने तो स्पीकरवर टाकला. तेवढी मजा तिला सोडवेना.

"काय रे," ताईचा आवाज धारदार होता. "तुझी रजा नाकारली ना? मग हा मैमुनाबीचा जावई माझ्या दारात कसा? म्हणतो, मामा पार्सल घेऊन कधी येतायत?"

बिंग फुटलंच होतं. आत्मारामने मग सगळंच ओकून टाकलं. मेक्सिको, माया, तिकिटं, थाप. "ताई, चुकलं माझं. तू म्हणशील तर रद्द करतो. येतो साताऱ्याला."

"नको!" ताई एवढ्या जोरात ओरडली की पर्णिकाने कानातले हेडफोन काढले. "म्हणजे, तू नक्की येत नाहीयेस ना?"

"नाही."

"देवा, सुटले! अरे, तुझी रजा नाकारली ऐकल्यावर तुझ्या दाजींनी त्याच दिवशी काश्मीरची तिकिटं काढली. किती वर्षं म्हणतायत! पण दर जुलैला तू यायचास. सूनबाईही या वेळी माहेरी चाललीय, बिचारी. हा राहिल दारात आला, तेव्हा वाटलं, तू ऐन वेळी टपकतोस की काय. छातीत धस्स झालं बघ!"

"अगं, मग आधी कधी बोलली नाहीस ते?"

"तू एवढ्या लांबून हौसेनं येणार, तुला 'नको' कोण म्हणणार? आपल्या घरात कुणाला जमतं का ते? जा, नीट जा. आणि आलास की पिरॅमिडचे फोटो पाठव, आम्ही बघू."

फोन बंद झाला. कमलिनी सोफ्यावर लोळून हसत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आत्माराम मात्र हिरमुसून खिडकीशी उभा राहिला. पिरॅमिड मिळाला, ताईही रुसली नाही, याहून काय हवं होतं? तरी त्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं.

"अहो, हसा की आता," कमलिनी डोळे पुसत म्हणाली. "सुटलात तुम्ही."

"मी कुठला सुटलो?" आत्माराम म्हणाला. "ते सुटले."